जाळ्याला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे

गेल्या महिन्यात बेळगावात स्मृतिभ्रंशावर एक व्याख्यान झालं. व्याख्यान चांगलंच होतं; वाद पेटला तो नंतर, व्हरांड्यात चहा घेताना. बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करणाऱ्या एका मुलानं मोबाइल पुढं धरला. पडद्यावर मधोमध पिवळा ठिपका, त्यातून निघालेल्या चाळीसेक रेघा आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला एका प्रथिनाचं नाव. पिवळा ठिपका म्हणजे हळदीतलं करक्युमिन; ते कुठल्या कुठल्या प्रथिनांना लागतं, हे दाखवणारं ते जाळं. ‘‘सर, चाळीस ठिकाणी लागतंय म्हटल्यावर एका ठिकाणी तरी गुण येणारच की ओ!’’ शेजारी उभे असलेले मेंदूविकारतज्ज्ञ हसले. ‘‘ही रांगोळी आहे बाळ. रोगाचं प्रथिन एक, त्याला औषध एक. बाकी संगणकाचा खेळ.’’ तिथंच असलेल्या एका वैद्यांनी मुलाची बाजू घेतली: एका द्रव्याचे अनेक गुण ही आमची जुनीच गोष्ट, तुमच्या संगणकाला ती आज कळली. मग अर्धा तास ‘आधुनिक विरुद्ध पारंपरिक’ हे ठरलेलं भांडण झालं. सीमाभागात आम्हाला याची सवयच आहे. प्रश्न कोणताही असो, आधी तू कुठल्या बाजूचा ते विचारलं जातं. त्या जाळ्याबद्दल विचारायचा प्रश्न मात्र तसाच राहिला: हे जाळं ‘नाही’ कुणाला म्हणतं?

माझं मत आधीच सांगून टाकतो. अल्झायमर, पार्किन्सन, हंटिंग्टन यांसारखे, प्रथिनांची घडी बिघडल्यामुळं होणारे रोग समजून घ्यायला जैविक जाळ्यांचं, म्हणजे कुठलं प्रथिन कशाशी जोडलेलं आहे त्याच्या नकाशांचं, विश्लेषण लागणारच. एकेक प्रथिन सुटं धरून हे रोग पुरते कळलेले नाहीत. पण जाळं म्हणजे औषध नव्हे आणि पुरावाही नव्हे. कुठं हात घातला तर काय काय हलेल, याचा तो अंदाज आहे. हा अंदाज खोटा ठरण्याची सोय ठेवून मांडला तरच त्याला किंमत. तेव्हा डॉक्टरांचा राग चुकीच्या गोष्टीवर आहे आणि मुलाचा आनंदही.

‘घडी’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. पेशीत ती तयार झाली की स्वतःच्या घड्या घालून एक ठरलेला आकार घेते आणि त्या आकारावरच तिचं काम चालतं. घडी कशी घालायची ते माळेच्या क्रमातच लिहिलेलं असतं, हे दाखवणाऱ्या ख्रिश्चन अन्फिन्सेन यांना १९७२चं नोबेल मिळालं. माळेला कोणती वळणं घेता येतात आणि कोणती नाहीत, याचा नकाशा जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्रासमध्ये १९६३ सालीच काढला होता. आता संगणक क्रमावरून आकार सांगतो. २०२४चं रसायनशास्त्राचं अर्धं नोबेल त्यालाच गेलं. मग इतकं कळूनही रोग का सुटत नाहीत? कारण परीक्षानळीत माळ एकटी असते आणि पेशीत ती रविवार पेठेतल्या बाजारासारख्या गर्दीत असते. त्या गर्दीत घडी नीट बसावी म्हणून सोबत चालणारी वेगळी प्रथिनं असतात. इंग्रजीत त्यांना चॅपरोन म्हणतात. आपल्याकडं नव्या नवरीबरोबर सासरी जाणाऱ्या पाठराखिणीला जे काम असतं तेच त्यांचं. घडी चुकलीच तर ते प्रथिन मोडून टाकणारी, कचरा उचलणारी यंत्रणाही असते. बनवणं, सांभाळणं आणि मोडीत काढणं अशी तिन्ही कामं एकमेकांना बांधलेली असतात. यातला एकच धागा ओढून ‘हाच रोग’ म्हणायचं कशाच्या जोरावर?

पण म्हटलं गेलं, आणि त्यामागं एक गमतीदार इतिहास आहे. १८५४ साली रुडॉल्फ फिर्को यांनी शरीरातल्या एका साक्यावर आयोडीन टाकलं. रंग बदलला. त्यांना वाटलं हा पिष्टासारखा पदार्थ, म्हणून नाव दिलं ‘अमायलॉइड’. पाचच वर्षांत ते प्रथिन असल्याचं दिसून आलं, पण नाव राहिलं ते राहिलंच. पुढं हा साका ओळखायला काँगो रेड वापरू लागले. काँगो रेड मुळात सुती कापड रंगवायचा रंग! आमच्या वडगाव-शहापुरातल्या विणकरांना हे सांगितलं तर त्यांना नवल वाटणार नाही. रंग कुठं धरतो हे कापडाच्या पोतावर असतं, त्यांना पक्कं ठाऊक असतं. १९०६ साली अलॉइस अल्झायमर यांनी एका स्त्रीच्या मेंदूत साके आणि गुंते दाखवले, तेही रंगवूनच. जे रंग धरतं ते दिसतं, आणि जे दिसतं तेच कारण वाटू लागतं. पुढं कितीतरी वर्षं संशोधनाची नजर त्या साक्यावर खिळून राहिली, यात या रंगाच्या बाटलीचाही वाटा आहे असं मला वाटतं.

आता डॉक्टरांच्या बाजूचं सगळ्यात भक्कम उदाहरण घेतो, कारण ते टाळून पुढं जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. ट्रान्सथायरेटिन नावाचं प्रथिन मुख्यतः यकृतात बनतं आणि चार तुकडे एकत्र येऊन रक्तात फिरतं. तुकडे सुटे झाले की त्यांची घडी बिघडते आणि ते हृदयात, मज्जातंतूंत साचतात. टाफामिडिस हे औषध त्या चार तुकड्यांना एकत्र धरून ठेवतं, बस्स. २०१८ साली जाहीर झालेल्या चाचणीत ३० महिन्यांत हृदयाच्या रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण नकली गोळीच्या गटात ४२.९ टक्के होतं, औषधाच्या गटात २९.५ टक्के. एक प्रथिन, एक औषध, आणि माणसं वाचली. कुठल्याही जाळ्याशिवाय! अल्झायमरमध्येही अमायलॉइडवर नेम धरणाऱ्या लेकॅनेमॅबनं १८ महिन्यांत ऱ्हास २७ टक्क्यांनी मंदावला. फायदा छोटा आहे, मेंदूला सूज आणि रक्तस्राव होण्याचा धोकाही आहे, पण फायदा आहे. साका निरुपद्रवी आहे असं आता कुणी म्हणू नये.

तरीही टाफामिडिसवरून ‘जाळं नको’ हा निष्कर्ष निघत नाही. ट्रान्सथायरेटिनचा रोग एकपदरी रस्त्यासारखा आहे: प्रथिन मुख्यतः एका ठिकाणी बनतं, एका वाटेनं जातं, एकाच पायरीवर बिघडतं. आणि रोग असा एकपदरी आहे की नाही, हे आजूबाजूचे रस्ते पाहिल्याशिवाय कळणार कसं? शिवाय याच रोगावर ट्रान्सथायरेटिनचं उत्पादनच कमी करणारं दुसरं औषध आलं, पाटिसिरान. ते घेणाऱ्यांना सोबत अ जीवनसत्त्व द्यावं लागतं, कारण हेच प्रथिन रक्तातून अ जीवनसत्त्व वाहून नेण्यात हातभार लावतं. एका प्रथिनाला हात लावला आणि शेजारी हलला. सर्वांत साध्या उदाहरणातही शेजार सुटत नाही.

जिथं शेजार मोठा असतो तिथं काय होतं? अल्झायमरसाठी काढलेल्या सेमागासेस्टॅट या औषधाचं उदाहरण पाहा. अमायलॉइडचा तुकडा गॅमा-सिक्रिटेज नावाच्या विकराच्या कात्रीनं कापला जातो, म्हणून ती कात्रीच बंद करायची, असा सरळ हिशेब. ऑगस्ट २०१० मध्ये चाचण्या थांबवाव्या लागल्या. औषध घेणाऱ्यांची आकलनशक्ती सुधारली नाहीच, नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त ढासळली. त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाणही वाढलेलं दिसलं. ही कात्री आणखी कितीतरी प्रथिनं कापते आणि त्यातलं नॉच नावाचं प्रथिन पेशींच्या वाढीला आवश्यक असतं. इथं माझ्याच बाजूच्या लोकांना टोकायला हवं: नॉचची गोष्ट शोधायला कुठल्याही जाळ्याच्या नकाशाची गरज नव्हती, ती आधीपासून माहीत होती. अडचण माहितीची नव्हतीच. शेजार म्हणजे ‘दुष्परिणामांचा रकाना’, मुख्य प्रश्न नव्हे, असं मानायची सवय होती. जाळ्याचा विचार ही सवय मोडतो.

आमच्या भागातलं उदाहरण देतो. बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकातून खानापूर, गोकाक, निपाणी, चंदगड, कुठं कुठं गाड्या सुटतात. जाळ्याच्या भाषेत हे केंद्र. वडापवाल्यांच्या, म्हणजे खासगी जीपवाल्यांच्या, त्रासावर उपाय म्हणून कुणी बसस्थानकालाच कुलूप ठोकलं तर? वडाप वाढेल आणि गाव घरी बसेल. सेमागासेस्टॅटनं तेच केलं. उलट निपाणीजवळचं यमगर्णी घ्या. तिथून गाड्या सुटत नाहीत, नकाशावर कुणी बोट ठेवणार नाही. पण ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये वेदगंगेचं पाणी तिथं महामार्गावर चढलं आणि पुण्याहून बेंगळुरूला जाणारी वाहतूक अडकली. म्हणजे रेघा किती फुटतात यावर जागेचं महत्त्व ठरत नाही. किती वाटांना तिच्यावरूनच जावं लागतं, तेही पाहावं लागतं. औषध शोधणाऱ्याला हवी असते आणखी तिसरीच जागा: रोगाची वाहतूक जिथून जाते, पण निरोगी कामांना दुसरी वाट असते. अशी जागा एकट्या प्रथिनाकडं बघून दिसत नाही.

‘हे सगळं कागदावर छान, प्रत्यक्षात कुणी काही शोधलंय का?’ रास्त प्रश्न आहे. २०१४ साली एका गटानं माणसातल्या पाठराखिणींची यादी केली: ३३२ जनुकं. मग वय वाढलेल्या मेंदूत त्यांचं काय होतं ते पाहिलं. ३२ टक्के जनुकं मंदावलेली होती, ती प्रामुख्यानं ऊर्जा खर्चून घडी बसवणाऱ्या प्रथिनांची. १९.५ टक्के उलट वाढलेली होती. अल्झायमर, पार्किन्सन आणि हंटिंग्टनच्या मेंदूंत हीच ओढाताण आणखी तीव्र दिसली. तीन रोग, तीन वेगवेगळी बिघडलेली प्रथिनं, पण ढासळणारं घरकाम एकच. एकेका प्रथिनावर काम करणाऱ्या तीन प्रयोगशाळांना हे साम्य कधी दिसलं असतं का? आणि खरी गोष्ट तर पुढं आहे. त्यांनी चित्र छापून विषय संपवला नाही. सूक्ष्म कृमींमध्ये आणि मानवी पेशींमध्ये ही जनुकं एकेक करून दाबली, आणि कुठली दाबल्यावर गुठळ्यांचा विषार वाढतो ते पाहिलं. कृमींतल्या १६ जनुकांचा एक छोटा गट पुढं आला. बाकीच्यांची नावं गळाली. हे जाळं इतक्या वेळा ‘नाही’ म्हणालं, म्हणून त्याच्या सोळा ‘हो’ना अर्थ आला.

साके आणि लक्षणं यांची जोडी किती सैल आहे, याचाही विचार एकप्रथिनवाद्यांनी करावा. म्हातारपणी मेंदूत भरपूर अमायलॉइड असूनही शेवटपर्यंत हुशारीनं जगणारी माणसं असतात. हैदराबादमध्ये स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. दोन भाषा बोलणाऱ्यांत लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेली आढळली. हा निरीक्षणातला संबंध आहे, कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. पण घरात मराठी, बाजारात कन्नड, शेजारी कोकणी किंवा उर्दू अशा गावात राहणाऱ्याला तो वाचून क्षणभर बरं वाटतं, हे कबूल करतो. (दोन्हीकडच्या भाषा-सेनापतींना हा शोधनिबंध भेट पाठवावा असंही वाटून गेलं.) माझी आत्या शेवटच्या दोन वर्षांत कन्नड पूर्ण विसरली. चाळीस वर्षं जिच्याशी कन्नडमध्ये बोलली त्या शेजारणीला ती मराठीत विचारायची, ‘‘बाई, तू कुणाची ग?’’ शेजारीण मोडक्या मराठीत रोज नवं नातं सांगायची. हा बिघाड एका साक्यात मावतो असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं.

नजरेला जे भरतं तेच खरं धरण्याची चूक आपल्या जंगलांनीही दाखवली आहे. १९५७ साली शिवमोग्ग्याकडं क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मेली आणि माणसांना ताप आला. पुढं तो माकडताप गोव्यातल्या सत्तरीपर्यंत, आपल्या शेजारच्या दोडामार्गपर्यंत आला. दिसत होतं मेलेलं माकड. विषाणू नेत होती गोचीड. जनावरं स्वतः आजारी पडत नव्हती, पण चरायला जंगलात जाऊन गोचिडींची संख्या पोसत होती. मेलेल्या माकडाभोवती औषध फवारतात आणि ते योग्यच आहे, कारण तिथं गोचिडी गळून पडलेल्या असतात. पण तेवढ्यानं जंगलातली साखळी तुटत नाही. लेकॅनेमॅबकडं मी असंच बघतो: फवारणी करावी, आणि गोचिडीचाही माग काढावा.

आता माझ्या बाजूची दुखरी ठिकाणं. जाळ्यातल्या रेघा आपल्या अभ्यासातून येतात आणि अभ्यास होतो तो आधीच गाजलेल्या प्रथिनांचा. ज्यावर हजारो शोधनिबंध, त्याला हजार रेघा. मग ते ‘केंद्र’ म्हणून झळकतं आणि त्यावर आणखी शोधनिबंध येतात. आक्षेप शंभर टक्के खरा आहे. पण तो मोजता येतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या नकाशात गाजलेली-बिनगाजलेली असा भेद न करता प्रथिनांच्या जोड्या सरसकट तपासल्या गेल्या आणि सुमारे ५३,००० संबंध नोंदले गेले. शिवाय प्रत्येक प्रथिनाच्या रेघांची संख्या तेवढीच ठेवून जोड्या यदृच्छया बदलायच्या, अशी हजार खोटी जाळी करायची, आणि आपला निष्कर्ष त्यांतही निघतो का ते पाहायचं. निघाला, तर तो निष्कर्ष फेकायचा. ही तपासणी साध्या लॅपटॉपवर होते.

दुसरा आक्षेप सिल्डेनाफिलचा, म्हणजे व्हायग्रातल्या औषधाचा. २०२१ साली जाळ्याच्या विश्लेषणातून हे औषध अल्झायमरसाठी पुढं आलं आणि विम्याच्या लाखो नोंदींत ते घेणाऱ्यांना धोका ६९ टक्क्यांनी कमी दिसला. वर्तमानपत्रांना मेजवानी! पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाला अधिक काटेकोर तुलनेत काहीच संबंध दिसला नाही. विरोधक म्हणतात, बघा, पोकळ निघालं. मी म्हणतो, अंदाज तपासता येण्याजोगा होता, म्हणून तर कुणीतरी तपासला. आणि असे सगळेच अंदाज पडत नाहीत: फेब्रुवारी २०२० मध्ये अशाच विश्लेषणातून संधिवाताचं बॅरिसिटिनिब कोविडसाठी सुचवलं गेलं, चाचण्यांमध्ये ते टिकलं आणि मे २०२२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. तो घडीचा रोग नव्हे हे खरं. पण ही पद्धत म्हणजे नुसती रांगोळी, हे विधान तिथं पडतं.

राहिली हळद. सांगलीची हळदपेठ आपल्याला जवळच, त्यामुळं आपल्याकडं हा विषय अस्मितेचा होतो. करक्युमिन अमायलॉइडला चिकटतं ही गोष्ट खरी आहे. पण हळद कशाला चिकटत नाही? काँगो रेडसारखाच तोही एक रंग आहे आणि स्वतः चमकत असल्यामुळं कितीतरी चाचण्यांत खोटा होकार देतो. २०१७ साली औषधी रसायनशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात त्यावर सविस्तर आढावा आला: रेणू अस्थिर, रक्तात जवळजवळ पोचत नाही, आणि नकली औषधाशी नीट तुलना केलेल्या एकाही चाचणीत यशस्वी नाही. चाळीस रेघा हा त्याचा गुण नसून दोष असू शकतो. वैद्यांना मला खानापूरच्या बाजूला कुंपणावर वाढणारी खाजकुइली दाखवायची आहे. कंपवातावर तिचं बी देत आले आहेत. १९३७ साली भारतातच त्या बियांतून लेव्होडोपा वेगळा काढला गेला, आणि लेव्होडोपा आजही पार्किन्सनचं मुख्य औषध आहे. तो घडीचा बिघाड थांबवत नाही, मेंदूत कमी पडलेलं डोपामिन हे रसायन भरून काढतो. नेमकं काय करतो आणि काय करत नाही, दोन्ही ठाऊक आहे. परंपरेचा मान यानं वाढतो की चाळीस रेघांनी?

हा प्रश्न बेळगावला दूरचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) पारंपरिक औषधांवरची राष्ट्रीय संस्था या गावात आहे, तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, वैद्यकीय आणि आयुर्वेद महाविद्यालयं आहेत. देशात साठीच्या पुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश असल्याचा २०२३चा अंदाज आहे. त्यातली काही माणसं आपल्याच गल्लीत आहेत. आणि आमची मुलं काय करतात? वनस्पतीतल्या रेणूंची यादी एका संकेतस्थळावर, रोगाच्या हजारो जनुकांची यादी दुसऱ्यावर, दोन्हींचा छेद तिसऱ्यावर. शेवटी दहा ‘केंद्रं’ निघतात: एकेटी१, टीएनएफ, आयएल६, टीपी५३ आणि मंडळी. अश्वगंधा घाला, गुळवेल घाला, रोग मधुमेह घ्या नाहीतर कर्करोग. बारशाला आणि तेराव्याला तीच मंडळी हजर. दोष मुलांचा नाही. जाळ्याला उलटा प्रश्न विचारायचा असतो हे त्यांना कुणी शिकवलेलंच नाही.

त्या संध्याकाळी निघताना मी त्या मुलाला बाजूला घेतलं. म्हटलं, हळदीच्या जागी निपाणीची तंबाखू घाल. तिच्यातले रेणू घे, रोग अल्झायमरच ठेव, बाकी काही बदलू नको. धूम्रपानानं स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो एवढं तुलाही ठाऊक आहे. बघ तुझं जाळं काय म्हणतं ते.

आठवड्यानं त्याचा फोन आला. आवाज पडलेला. ‘‘सर, तंबाखूचंही चित्र तसंच आलं ओ. बहुतेक नावं तीच.’’

‘‘मग?’’

‘‘मग प्रबंधात काय लिहू?’’

‘‘हेच लिही.’’

थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, गाइडना विचारून बघतो. अजून त्याचा फोन आलेला नाही.